एकशेविसावं पान

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दुकानात चष्म्यांच्या काड्या बदलायचं बरंच काम साठलं होतं, आणि तू विचारलंस त्याचं उत्तर एका बैठकीत लिहिणं मला जमत नव्हतं.

मुंगीला तुझ्याकडे पाठवावं आणि तिनं तुझ्या शाळेत जावं, हे तुझं म्हणणं मी तीन-चारदा वाचलं. तू सव्वीस वर्षं गणित शिकवतेस, तुझ्यापुढे मी काय बोलणार. पण आमचं बरं चाललं आहे. आमचा दिवस सांगतो, म्हणजे तुझी काळजी कमी होईल.

साडेसहाला उठतो. मुंगी अंडी उकडते, मी पाव भाजतो, आणि आज किती तुकडे जाळले, ते ती रोज मोजते. आठ ते दहा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास. दहाला खाली दुकान उघडतो, तेव्हा तीही गणिताचे कागद घेऊन काउंटरमागच्या स्टुलावर बसते. गिऱ्हाईक आलं की मान खाली. दहा वर्षांची झाली तरी अनोळखी माणसाशी अजून बोलत नाही. पण चष्म्याचे स्क्रू आवळायला तिचा हात माझ्याहून बरा आहे. दुपारी जेवून अर्धा तास आडवे होतो, मग भूगोल किंवा विज्ञान.

अभ्यास हिच्या, मुंगीच्या आईच्या, वहीतूनच घेतो. आजारपणात अंथरुणात बसून हिने एकशेवीस पानं लिहून ठेवली. दिवसाला एक पान. काय शिकवायचं, कुठली गणितं घालायची, मुंगी कुठे अडेल, सगळं त्यात आहे. मी फक्त वाचून दाखवतो. सध्या सहासष्टाव्या पानावर आहोत. मुंगी थोडी कच्ची राहते, म्हणून जानेवारीपासून एकेक पान तीन दिवस घेतो आणि शनिवार-रविवारी उजळणी.

चोवीस एप्रिलला शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई येणार आहेत. घरी शिकणाऱ्या मुलांची दर वर्षी पाहणी होते. वर्षाचा अभ्यास पुरा झाला नसेल तर मुलाला शाळेत घालावं लागतं. तोवर होईल, असं वाटतं.

एक गंमत सांगतो. परवा बसवाले काका डोळे तपासायला आले. परवाना नवा करायचा होता. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी धडाधड म्हणून दाखवली. मला शंका आली, म्हणून मागचा दुसरा तक्ता पुढे केला. त्यावरही त्यांनी पहिल्याच तक्त्याची ओळ तितक्याच जोरात म्हटली. मुंगी काउंटरखाली बसून हसत होती. काकांना जाड भिंगं लागली.

तब्येतीला जप. माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू दे.

तुझा धाकटा

---

९ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं चक्क दोन पानी पत्र आलं. मी शेजारणीला नेऊन दाखवलं. तिला वाटलं, मीच लिहिलं.

मास्तरीणबाईंच्या वहीचं तू मला आत्ता सांगतोस. त्यांना जाऊन पाच महिने झाले. लहानपणी झाडावरून पडून हात मोडलास, तेव्हाही दोन दिवस डाव्या हाताने जेवत होतास आणि विचारलं तर म्हणत होतास की सवय करतोय. तू बदलणार नाहीस.

आता माझ्यातली गणिताची बाई बोलते, ऐकून घे. तुम्ही ऑक्टोबरात सुरुवात केलीत. दिवसाला एक पान धरलं तर आज तुम्ही शंभराच्या पुढे हवे होतात. राहिली चौपन्न पानं, शनि-रवि सोडून तपासणीला दिवस उरले चौतीस, आणि तू तीन दिवसांना एक पान घेतोस. तूच कर हिशेब. आणि मुंगीनं मला जानेवारीत अपूर्णांकाचं गणित लिहिलं होतं की पावाचे आठ तुकडे केले, तीन खाल्ले. फेब्रुवारीच्या पत्रातही तोच पाव, तेच तीन तुकडे. अरे, शिळा झाला असेल तो.

शिवाय ती मला सोडवलेली गणितं पाठवते, त्यात दर कागदावर एकच चूक असते, आणि तीही नेटकी. कच्च्या मुलाच्या चुका अशा नसतात. एवढं माझ्या डोक्यात आलं, ते लिहिलं.

तिला मी हिसकावून घेत नाही रे. जुन्या शाळेत ती वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती, आणि म्हणूनच मास्तरीणबाईंनी तिला घरी आणलं, हे मी विसरलेले नाही. तेव्हा मी सगळ्यांत जास्त विरोध केला होता आणि सगळ्यांत आधी हरले. पण उद्या तपासनीस बाईंनी शाळेत घालाच म्हटलं, तर अनोळखी वर्गापेक्षा माझा वर्ग बरा, एवढंच मनात आहे.

पाव भाजताना तिथेच उभा राहत जा. मुंगीला पापा. पत्र पाठवायला पुन्हा पंधरा दिवस लावलेस तर मीच येऊन थडकेन.

तुझी ताई

---

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दुकानात बसून लिहिते आहे. बाबा आतल्या खोलीत भिंगं घासत आहेत. यंत्राचा आवाज थांबला की मी कागद लपवणार आहे. म्हणून अक्षर वाईट आहे.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की मला अपूर्णांक खरंच येत नाहीत का. मला येतात. बाबा एक पान तीन दिवस शिकवतात. मला पहिल्याच दिवशी येतं. पण सगळं बरोबर आलं की ते वहीची राहिलेली पानं चिमटीत धरून किती जाड आहेत ते बघतात. म्हणून मी एक चूक करते. मग ते म्हणतात की हरकत नाही, उद्या पुन्हा करू. तेव्हा त्यांना बरं वाटतं.

बाबा गिऱ्हाइकाशी बोलत असतात तेव्हा मी पुढची पानं वाचते. माझं एकशे एकोणीस पानापर्यंत झालं आहे. एकशेवीस मी उघडलेलं नाही.

आईने दर पाचव्या पानाखाली लिहिलं आहे की शनि-रवि वही बंद. बाबा ती ओळ वाचून दाखवत नाहीत. पण मला दिसते.

तपासनीस बाईंसमोर मी चूक करावी की नाही, ते कळव. चूक केली तर शाळेत जावं लागेल, आणि नाही केली तर बाबांना कळेल. हे तू बाबांना सांगू नकोस. तू शपथ घे. घेतलीस असं मी धरते.

मांजरीला पाच पिल्लं झाली का? एक भुरं असेल तर त्याचं नाव मी ठेवणार.

तुझ्या लाडाची,
मुंगी

---

२० मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बसवाल्या काकांची गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. सगळे पोट धरून हसले. संध्याकाळी घरी चहा करताना पुन्हा आठवली, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

पाठ करून म्हणणारा माणूस तुला एका ओळीत ओळखू येतो. मग घरातलं माणूस मुद्दाम चुकतंय का, ते तू कधी पाहिलंस? मुंगीला एकदा दुसरा तक्ता लाव. वही मिटून, पुढच्या कुठल्यातरी पानावरचं गणित आकडे बदलून घाल. उत्तर काय येतं त्यापेक्षा किती पटकन येतं ते बघ.

आणि एक विचारते. समोर असते तर विचारलं नसतं, तू उठून गेला असतास. वही संपू नये म्हणून तू रेंगाळतो आहेस का? आपली आई गेली तेव्हा तिची साबणाची वडी मी न्हाणीघरात तशीच ठेवली होती. कुणाला हात लावू दिला नाही. चार महिन्यांनी ती तडकली आणि तिचे तुकडे झाले. वापरली असती तर निदान हाताला तिचा वास आला असता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता मोठ्या बहिणीचा हुकूम. येत्या शनिवारी-रविवारी दोघांनी काहीही करायचं नाही. दुकान बंद, उजळणी बंद. मास्तरीणबाईंना मी ओळखते, त्यांनी वहीत सुट्टीचंही लिहिलेलं असणार. नीट बघ.

मुंगीला सांग, पाचच झाली आणि एक भुरं आहे.

तुझी ताई

---

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. यापुढे त्यावर जास्त लिहीत नाही.

पत्र हाती पडलं तेव्हा तू म्हणत होतीस तो शनिवार होऊन गेला होता, म्हणून पुढचा धरला. शुक्रवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी फ्रेम पुसता पुसता मुंगीला पंच्याण्णवाव्या पानावरचं गणित आकडे बदलून घातलं. ती स्क्रू शोधत होती. मान वर न करता तिनं उत्तर दिलं. मग एकदम थांबली आणि म्हणाली की नाही, चुकलं बहुतेक. मी म्हटलं की बरोबर आहे. त्यावर ती पुन्हा स्क्रू शोधू लागली आणि मी फ्रेम पुसू लागलो. घुम्याची मुलगी, दुसरं काय.

तू सांगितलंस तशी ओळ वहीत होती. दर पाच पानांनी होती. मी ती रोज बघत होतो.

शनिवारी आठपर्यंत झोपलो. मला वाटतं, वर्षात पहिल्यांदा. दुकानावर बंदची पाटी लावली. मुंगीनं अंघोळीला तासभर लावला आणि मी दारावर थाप मारली नाही. पत्ते खेळलो, सात डाव ती जिंकली, आठव्यात मला जिंकू दिलं आणि मी तिला तसं सांगितलं, तेव्हा खूप हसली. खिडकीतून ऊन आत येत होतं तिथे सतरंजीवर पडलो, तिथेच झोप लागली. उठलो तर ऊन भिंतीवर गेलं होतं आणि मुंगीनं माझा चष्मा काढून पोटावर ठेवला होता, काचा पुसून.

रविवारी दुपारी मटार सोलत बसलो होतो. तेव्हा तिनं सांगितलं की तिला एकशे एकोणीस पानापर्यंत सगळं येतं, आणि तिनं तुला शपथ घातल्याचंही काहीतरी सांगितलं, ते मला नीट कळलं नाही. शेवटचं पान का उघडलं नाहीस, असं मी विचारलं. तिनं मलाच विचारलं की तुम्ही उघडलंत का. मी नाही म्हटलं. मग दोघांनी पुन्हा शेंगा हाती घेतल्या. दीड किलो मटार सोलून झाले.

आजपासून रोज तीन-तीन पानं घ्यायचं ठरलं आहे. ती म्हणते, चारही चालतील.

भुऱ्या पिल्लाचं नाव स्क्रू. माझं काही चाललं नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा धाकटा

---

२७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तपासणी पार पडली. मुंगी घरीच शिकणार. तुझा जीव टांगणीला लागला असेल म्हणून हे आधी लिहिलं.

आता पहिल्यापासून सांगतो. बुधवारी सकाळी आम्ही एकशेविसावं पान उघडलं. मला वाटत होतं की तिथे हिने आमच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं असेल. तीन महिने मी त्यालाच घाबरत होतो. तसं काही नव्हतं. नेहमीसारखा धडा होता, अर्ध्या पानाचा. तुला उतरवून पाठवतो.

'खोलीचं क्षेत्रफळ. मोजायची टेप कपाटाच्या खालच्या कप्प्यात. मुंगी, लांबी, रुंदी तू मोजायची. टेपचं एक टोक बाबांना धरायला सांग. ते मधेच सोडतील, लक्ष ठेव.'

मोठी खोली मोजताना मी एकदा सोडलं. मुंगीनं टोक उचलून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा शून्यापासून मोजलं. स्वयंपाकघर, दुकान, आतली भिंगांची खोली, जिन्याखालची जागासुद्धा मोजली. पानावर एकच खोली सांगितली होती.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. वयस्कर, गंभीर. पहिली वीस मिनिटं मुंगी एक शब्द बोलली नाही. लेखी सगळं सोडवलं, एकही चूक नाही. पण बाईंना तोंडीही घ्यायचं होतं. त्या विचारत होत्या, ही कागदाकडे बघत होती. मी दाराशी उभा, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. बाईंनी पेन हातात घेतलं आणि त्यांच्या कागदावरच्या शेवटच्या, 'शाळेत घालावे' या चौकटीवर टेकवलं. तेवढ्यात मुंगी मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या चष्म्याचा डावा स्क्रू ढिला आहे. काच पडेल."

बाईंनी चष्मा काढून पाहिला. मुंगीनं तो खाली नेला, आवळला, काचा पुसून आणून दिला, आणि देता देता भिंग कसं जाड-पातळ होतं, उजेड त्यातून कसा वळतो, ते सगळं सांगून टाकलं. मी ते तिला कधी शिकवलेलं नाही. स्टुलावर बसून ऐकलं असणार. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. जाताना मला म्हणाल्या की चष्मा आता नाकावरून घसरत नाही.

पुढच्या वर्षाच्या अभ्यासाला मी शनिवारी बसलो. हिच्याच वहीत कोरी पानं बरीच उरली आहेत. एकशे एकविसावं पान लिहायला मला दोन तास लागले. दुसऱ्याला पाऊण. पाच पानं लिहून झाल्यावर मुंगीला तपासायला दिली. माझ्या अक्षराला तिनं नावं ठेवली, एक गणित सोपं आहे म्हणाली. मग पेन्सिल घेतली आणि एकशे पंचविसाव्या पानाखाली, मी विसरलो होतो तिथे, लिहिलं की शनि-रवि वही बंद. आणि मी शनिवारीच लिहीत बसलो होतो म्हणून वही माझ्या हातातून काढून घेतली.

तुला सुट्टी लागली की आठ दिवस ये. पुढची गणितं मला एकट्याला झेपणार नाहीत. स्क्रूला घेऊन ये. पावाची काळजी करू नकोस, हल्ली मी तिथे उभा असतो.

तुझी माया आम्हा दोघांना पुरून उरते, ती अशीच राहू दे.

तुझा धाकटा,
घुम्या