तेल मुरेपर्यंत

ताई,

मी सुखात आहे असं सांगितलं, ते खोटं होतं. छोटी झाल्यापासून हे कामावर जाताना दाराला बाहेरून कडी घालतात. फोनही घेऊन जातात. "बाहेर जाऊन काय दिवे लावणार आहेस?" म्हणतात.

खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. आत अंडं घालून तिनं तोंड लिंपून टाकलं. मला वाटलं, आतलं पोर गुदमरून मरणार. आज सकाळी त्या मातीला आतून भोक पडलं आणि पंखवाली नवी माशी बाहेर आली. बाहेरून कुणी उघडलं नव्हतं गं.

मग मी आमचं दार नीट बघितलं. कडी बाहेर आहे, पण बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत.

सुरीच्या टोकानं पाच स्क्रू काढलेत. सहावा गंजलाय. त्यावर छोटीच्या मालिशचं तेल सोडलंय, ते मुरेपर्यंत लिहितेय. हे पाचला येतात. आता साडेतीन झालेत. सुरी मांडीवरच ठेवलीय. तू चिडवायचीस ना, ही झुरळालाही अहोजाहो करते म्हणून?

थांब, बघते.

हलला, ताई.

आता हे पत्र टाकत नाही. ते पोचायच्या आत आम्ही दोघी तुझ्या दारात असू.

तुझी,
अजून घाबरलेलीच