घरासमोर मीठ कमी टाकण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
एल्डरवुड टाउनशिप, न्यू जर्सी.

विषय : घरासमोरील रस्त्यावर जादा मीठ टाकणे थांबवण्याबाबत.
संदर्भ : जादा मीठ मागण्यासाठी अर्जदाराच्या पतींनी आपणांस केलेला फोन.

महोदय,

आपल्या वेबसाइटवर 'आपल्या भाषेत लिहा' असे म्हटले आहे, म्हणून हा अर्ज मराठीत.

१. अर्जदार डॉ. उत्तरा कर्णिक ही निवृत्त पॅथॉलॉजिस्ट असून पती श्री. सुमंत यांच्यासह याच टाउनशिपमध्ये राहते. हिवाळ्याच्या सुरुवातीस श्री. सुमंत रस्त्यालगतच्या मेलबॉक्सपाशी बर्फावर घसरले व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यांनी फोन केल्यापासून आपला ट्रक अर्जदाराच्या घरासमोर न विसरता थांबतो आणि बर्फ वितळावा म्हणून दुप्पट मीठ टाकतो. आपल्या तत्परतेत उणीव नाही. तत्परता हीच अडचण आहे.

२. मार्चमध्ये बर्फ वितळून खारे पाणी रस्त्याकडेच्या वाफ्यात मुरले. तेथे खणले असता एकही गांडूळ, अनेक पायांचा वाणी किंवा पानांखाली उड्या मारणारा बारीक पांढरा किडा आढळला नाही. मागच्या अंगणात त्याच फावड्याने खणताच सर्व मंडळी हजर होती. गांडूळ कातडीतून श्वास घेते. खारवलेली माती त्या कातडीतले पाणी ओढून घेते. पळावे, तर पुढे डांबर.

३. हे सांगितल्यावर श्री. सुमंत म्हणाले, "मी पडलो तेव्हा तुझी गांडुळं मला उचलायला आली नव्हती." हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे.

४. मग एका सकाळी श्री. सुमंत वॉकर घेऊन स्वतः वाफ्यापाशी गेले, खुर्ची मागवून बसले आणि बराच वेळ बोटांनी माती चाळत राहिले. ते निवृत्त इंजिनिअर असून पाहिल्याशिवाय काही मानत नाहीत. आत येऊन म्हणाले, "फोन मी केला होता. कॅन्सलपण मीच करतो." मात्र आपल्या कार्यालयाने कळवले की, सुरक्षेची विनंती फोनवर स्वीकारता येते, रद्द करता येत नाही, पडण्याचा धोका कसा टाळणार ते लेखी द्यावे.

५. ते असे : इतरांच्या घरासमोर टाकता तेवढेच मीठ येथे टाकावे, जास्तीच्या जागी वाळू चालेल. बर्फ असेल तेव्हा श्री. सुमंत मेलबॉक्सपर्यंत अर्जदाराचा हात धरून जातील. ऑपरेशननंतर त्यांनी हात कधी धरू दिला नव्हता. आता कबूल केले आहे. हे आपल्या कार्यालयाच्या नियमामुळे घडले, याची नोंद व्हावी.

उत्तर येईपर्यंत नम्र,
डॉ. उत्तरा कर्णिक
(सहमत : सुमंत कर्णिक)
दि. ४ एप्रिल २०२५

सोबत : माती भरलेल्या दोन बरण्या, पुढची व मागची. मागच्या अंगणातील रहिवासी जिवंत असल्याने झाकण सैल ठेवावे व पाहून झाल्यावर ते परत मिळावेत.