उजव्या पायाची माफी

२८ मार्च, पवित्र गुरुवार. संध्याकाळी ७.१४

वेळ मुद्दाम वर लिहिली. चर्चचं घड्याळ माझ्या नाकासमोर होतं. ७.१४ ला मला खुर्चीवरून उठवलं. सगळ्यांदेखत. उजव्या पायात ना बूट, ना मोजा.

वेदीपुढं बारा खुर्च्या. फादर रोशन बारा जणांचे पाय धुणार, येशूने शिष्यांचे धुतले तसे. यंदा या कानडी मुलखात आमच्या चार मराठी घरांना पहिल्यांदा एक खुर्ची मिळाली, आणि तीवर मी बसायचं ठरलं. मी नाहीच म्हणत होते. उजव्या पायाची दोन बोटं अकरा वर्षांपूर्वी शुगरपायी गेली. तेव्हापासून हा पाय डॉक्टर आणि क्लारा सोडून कुणी पाहिलेला नाही. पण फा. रोशन घरी येऊन बसले. ‘आंटी, नखं रंगवून आणलेले पाय दरवर्षी धुतो. एकदा खरा पाय धुऊ दे मला.’ या वाक्याला मी भुलले. कॉन्व्हेंटात वाढलेल्या बाईला चांगलं वाक्य ऐकवावं आणि विहिरीत ढकलावं.

प्रवचन संपलं, गाणं सुरू झालं. मोजा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला. पाय फरशीवर टेकवला. गार लागलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात बॅप्टिस्ट, आमच्या पॅरिश कौन्सिलचा सेक्रेटरी, कमरेत वाकून कानाशी.

‘आंटी, स्वल्प प्रॉब्लेम. सर आलेत. पाण्याचे टँकर देतात ना चर्चला, ते. तुम्ही पुढच्या वर्षी बसा.’

‘आत्ता सांगतोस?’

‘आत्ताच, आंटी. फास्ट.’

उठले. एका पायात बूट, दुसरा बूट हातात, एक पाय उघडा, तशी लंगडत तिसऱ्या बाकापर्यंत. पर्स खुर्चीखालीच राहिली. टँकरवाले सर बसले आणि त्यांनी स्वतःच्याच पाण्यात पाय धुऊन घेतले.

घरी क्लारा म्हणते, ‘अक्का, देवाच्या घरचा राग घरी आणू नये.’ माझी धाकटी बहीण. चर्चच्या गायनात आहे. मी लंगडत जाताना गात होती. सूर चुकला नाही तिचा.

बॅप्टिस्ट, तुला सोडणार नाही.

२९ मार्च, शुभ शुक्रवार

उपास. माझ्या वयाला लागू नाही, तरी करते. रागाने उपास मोडतो असं कुठल्याही पुस्तकात नाही.

सकाळभर बॅ.साठी शिक्षा शोधत होते. मिस्सेतल्या बायबल-वाचकांची यादी मी करते, तीतून त्याचं नाव उडवावं. उच्चार सुधारून देणं बंद करावं. मग वाचू दे त्याला ‘नबुखद्नेस्सर’ सगळ्यांसमोर.

अकराच्या सुमारास फिलोमिनाबाईंचा फोन. माकडहाड मोडल्यापासून अंथरुणावर, चर्चमधली मिस्सा फोनवरच लाइव्ह बघतात.

‘काय गे लुसी, पाय कसा आहे? फादरनी असं बोलायला नको होतं.’

‘फादर कुठं बोलले? बॅप्टिस्टने उठवलं.’

‘बॅप्टिस्ट कसला! फादरच की. मी काय कान विकून खाल्ले?’

क्लाराचा फोन घेतला, कालचं रेकॉर्डिंग लावलं. प्रवचनानंतर फा. रो. बाजूला जाऊन वरचा झगा उतरवतात, कमरेला टॉवेल बांधतात. चर्चमधल्या स्पीकरवर तेव्हा गाणं चढं होतं. पण झग्याखालचा छोटा माइक चालूच राहिला आणि घरी बघणाऱ्यांना सगळं ऐकू गेलं.

‘त्या पायाचा क्लोज-अप जाईल. लोक घरी जेवता जेवता बघतात. आंटींना हळूच उठवा. टँकरचे सर आलेत, त्यांना बसवा.’

परत लावलं. आणखी एकदा. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. खरखरीतून माणूस ओळखायचा पगार मिळायचा मला. फा. रोशनच. ‘हळूच’ म्हणताना आवाज मऊ होतो, कुमसार, लोकांच्या पापांची कबुली, ऐकताना होतो तसा.

आणि मग ते गुडघ्यावर बसले.

माझ्या आधी पॅरिशमधल्या सगळ्या आजाऱ्यांना ठाऊक. एकानेही फोन केला नाही. फि.बाईंनी केला तो मला माहीत आहे असं समजून.

बॅ.ला सोडला. पूर्ण नाही, अर्धा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गेले. क्रुसाचं चुंबन घ्यायला लांब रांग. क्रूस फा. रो.नी हातात धरलेला, बाजूला कॅमेरा. खिळा ठोकलेल्या पायाचा क्लोज-अप, भिंतीवरच्या पडद्यावर, वीतभर भोक. ते चाललं. ते लाकडाचं आहे.

माझी पाळी आली. वाकले, पायाचं चुंबन घेतलं, मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रुमालाने क्रुसाचा पाय पुसला. सगळ्यांनंतर पुसतात. तरी.

३० मार्च, पवित्र शनिवार

रेकॉर्डिंग कापलं! प्रवचन झालं की मिस्सा थेट पुढच्या प्रार्थनेवर उडी मारते. यंदा कुणाचेच पाय धुतले गेले नाहीत. टँकरवाल्यांचेसुद्धा. काल मी त्या आवाजाची कॉपी माझ्या फोनवर घेतली होती. टेलिफोनवाल्या बाईशी गाठ आहे.

दुपारी बॅ. आला. पर्स, आत माझा मोजा, आणि बदामाच्या मार्झिपानचं ईस्टर एग.

‘आंटी, तो टेक्निकल प्रॉब्लेम होता.’

‘हो ना. माइक बंद करायला विसरलात.’

म्हणाला, ‘मी फक्त निरोप आणला. मला वाटलं, खरंच सरांसाठी.’ खरं असावं. त्याला खोटं बोलायला जमत नाही, घाम येतो. अंडं ठेवून घेतलं. अंड्याचा काय दोष?

जयनगरला जाऊन उघड्या सँडल आणल्या. ऊन असं की ऑटोची सीट चटके देत होती. क्लाराने पाहिल्या. ‘या कशाला गे?’ म्हटलं, ‘घालायला.’

ईस्टरच्या जागरणाला तिसरं वाचन माझं होतं, तांबड्या समुद्राचं. नवीन सँडल घालून मधल्या वाटेने चालत गेले. कॅमेरा घाबरून आधी मेणबत्तीवर गेला, मग छताच्या पंख्यावर, आणि सगळं वाचन होईस्तोवर पंखाच दाखवत राहिला. फारोचं सैन्य बुडतं त्या ओळी फा. रो.कडे बघून वाचल्या. ठणठणीत. घोडे, रथ, स्वार, एकही शिल्लक ठेवला नाही.

घरी येताना क्ला. दहा पावलं पुढे चालत होती.

३१ मार्च, ईस्टर

मिस्सेनंतर आवारात केक आणि सल्ला, दोन्ही फुकट. ‘लुसी, सोडून दे गं, आज प्रभू उठला.’ मी म्हटलं, मलाही उठवलंय, गुरुवारीच. बायका हसल्या आणि केककडे वळल्या.

दाराशी फा. रो. हस्तांदोलन करत उभे. ‘हॅपी ईस्टर, आंटी. नवी सुरुवात करू या.’

‘जुनी संपवा आधी. लेखी.’

मागे रांग होती. पुढे सरकावं लागलं. हात मऊ आहे माणसाचा. फार मऊ.

२ एप्रिल

व्हायचं ते झालं. क्लाराची रीना, तिचं लग्न ११ मेला, याच चर्चमध्ये. १४ एप्रिलपासून तीन रविवार मिस्सेत दोघांची नावं पुकारायची आहेत, त्याशिवाय लग्न लागत नाही. काल गायनाच्या सरावानंतर फा. रो.नी क्लाराला थांबवलं. ‘मे महिन्यात तुमच्या घरी आनंद आहे. अक्कांना मन शांत ठेवायला सांगा.’

मी म्हटलं, ही धमकी.

‘धमकी कसली? चांगलं बोलले ते.’

‘चांगलंच बोलतात ते. त्यातच सगळं आहे.’

‘माझ्या पोरीच्या लग्नात तू पहिल्या बाकावर तो पाय पसरून बसणार आहेस?’

‘पाय आहे, बॉम्ब नाही.’

‘अक्का, आठवडा होत आला, या घरात पायाशिवाय दुसरं काही बोललीस? रीनाच्या साडीचा रंग कुठला ठरला ते तरी विचारलंस?’

नाही विचारला. तेही खरं. ती न जेवता झोपली. मी जेवले.

४ एप्रिल

फा. रो. आले. एकटे. चहा नको म्हणाले.

‘माझं चुकलं, आंटी. कॅमेरा लागला की माझं डोकं चालत नाही. लोक खाली काय काय लिहितात, तुम्हाला माहीत नाही. मला वाटलं, तुमच्या पायाबद्दल कुणी घाणेरडं लिहिलं तर?’

खोटं नव्हतं. कान सांगत होते, खोटं नाही. म्हणून आणखी राग आला.

‘म्हणजे कुणीतरी घाणेरडं बोलेल म्हणून तुम्हीच आधी बोललात. ठीक. आत्ता जे म्हणालात ते लिहून द्या आणि रविवारी मिस्सेच्या शेवटी सूचनांत वाचा.’

‘लिहिलं की फिरणार. बिशपांकडे जाणार. आंटी, इथंच मिटवू या ना.’

‘उठवलं चर्चमध्ये. मिटवायचं माझ्या बैठकीत?’

त्यांनी क्लाराकडे पाणी मागितलं. प्यायला नव्हे, परातीत. टँकर आला नव्हता, तिने पिण्याचं ओतून आणलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या सारल्या आणि माझ्यासमोर फरशीवर गुडघे टेकले. हात माझ्या सँडलच्या पट्ट्याला. क्ला. दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली.

एक क्षण, लिहूनच टाकते, वाटलं की धुऊ दे. तरणा मुलगा आहे. खाली बसलाय. डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत. तेव्हाही असाच बसला असता, माझ्या खुर्चीपर्यंत पोचला असता तर...

मग विचारलं, ‘फादर, दार का लावलंत?’

आत येताना कडी त्यांनीच लावली होती. आमच्या गल्लीत या वेळी सगळी दारं सताड उघडी असतात, बायका उंबऱ्यावर भाजी निवडत बसतात. त्यांनी कडीकडे बघितलं. उठून उघडतील असं मला वाटलं. खरंच वाटलं. उघडली असती तर मी पाय दिला असता.

त्यांनी घड्याळ परत बांधलं.

क्ला. म्हणाली, ‘अक्का, याहून जास्त काय हवं तुला?’ ते गेल्यावर. परात अजून बैठकीत आहे. ती उचलत नाही, मीही नाही.

५ एप्रिल

सकाळी पाय मीच धुतला, त्याच पाण्यात. पाणी वाया घालवायचे दिवस नाहीत. नीट बघितला, चष्मा लावून. इतका काही वाईट नाही. जेवता जेवता बघण्यासारखा आहे.

रीनाची साडी मोतिया रंगाची. परगावी तिला फोन करून विचारलं. ‘मावशी, तू येशील ना?’ म्हणाली. लग्न तुझं, चर्च माझं, येणार नाही तर जाईन कुठं?

पण येणार ती उघड्या सँडल घालून. तेही सांगितलं. मग म्हणाली, ‘आई काय म्हणते?’

आई काही म्हणत नाही. तेच तर.

७ एप्रिल, दैवी करुणेचा रविवार

करुणेवर प्रवचन. सुंदर होतं. त्यांची प्रवचनं सुंदरच असतात. नावं पुकारायला एक आठवडा राहिला.

पत्र क्लाराकडे देणार नव्हते, वाटेत फाडलं असतं तिने. बॅ.कडे दिलं असतं तर घामाने भिजवलं असतं. दानाची पिशवी फिरत आली, तीत टाकलं. लांब पाकीट, वर नाव ठळक. ते वेदीवर जाणार, ब्रेड आणि वाइनसोबत, आणि त्यांच्याच हातात पडणार. क्ला. वर गायनात उभी होती. तिने बघितलं. या खेपेला सूर चुकला.

पत्र इंग्रजीत टाइप केलं. इथं मराठीत उतरवते, कारण शिव्या मला मराठीतच सुचतात, आणि त्या मी गाळल्या आहेत हे माझं मला कळावं.

‘रेव्हरंड फादर,

गुरुवार, २८ मार्च, संध्याकाळी ७.१४ वाजता आपल्या सांगण्यावरून मला वेदीपुढील खुर्चीवरून उठवण्यात आलं. कारण म्हणून टँकर सांगण्यात आला. खरं कारण माझा पाय होता. आपला आवाज माझ्याकडे आहे. तो मी अद्याप कुणालाही ऐकवलेला नाही. ज्यांनी ऐकला, त्यांना आपणच ऐकवला आहे.

आपण माझ्या घरी येऊन चूक कबूल केलीत. मी ती ऐकली. पण मला उठताना ज्यांनी पाहिलं त्यांनी ऐकलेली नाही, आणि अंथरुणावर पडून ज्यांनी ऐकलं त्यांनीही नाही. त्यांतल्या कित्येकांचे पाय माझ्यापेक्षा वाईट आहेत. ते आता आपल्याला घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन या म्हणताना चादर ओढून घेतील.

माझ्या भाचीच्या लग्नाचा या पत्राशी संबंध नाही. आपण लावणार असाल तर तोही लेखी लावावा.

काय झालं ते आपल्या शब्दांत, आपल्या सहीनिशी लिहून द्यावं आणि रविवारी सूचनांच्या वेळी, माइक आणि कॅमेरा दोन्ही चालू असताना वाचावं. तसं न झाल्यास मी चर्च सोडणार नाही, याची नोंद घ्यावी. मी दर रविवारी पहिल्या बाकावर, कडेला, त्याच सँडल घालून बसेन. आपली बदली होईल. माझी होत नाही.

तोंडी निरोप किंवा घरची भेट उत्तर म्हणून धरली जाणार नाही. लेखी उत्तर शनिवार, १३ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडावं. दार उघडं असेल.’