रश्श्यात काय होतं

चंद्रपूर, २७ जानेवारी २०२५

ती. बाईस गुलाबचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमच्या गावात टॉवर आहे, रेंज नाही, म्हणून पत्र. आधी माझी तक्रार नोंदवून घे. या जिल्ह्यात कोळसा मिळतो, सिमेंट मिळतं, भरदिवसा वाघ मिळतो; वाईनच्या बाटलीचं बूच काढायचा स्क्रू मिळत नाही. इथली दारूबंदी उठून चार वर्षं होत आली, तरी नागरिकांनी बूच दातांनी काढावं अशी व्यवस्था आहे. परवा सुताराचा स्क्रू आणि पक्कड लावली, तर अर्धं बूच आत पडलं. पाहुण्यांना चहाच्या गाळणीतून वाढली.

तू नाक मुरडशील. पण ही दारू नाही, अभ्यास आहे. झिंग्यांच्या भाजीशी पांढरी छान जाते. जवसाच्या चटणीपुढे कोणतीच टिकत नाही. भामरागडहून आलेल्या लाल मुंग्यांच्या चटणीसोबत गुलाबी घेतली, तर दोघी भांडल्या. आता तांबडी आणि मटण तेवढं राहिलं.

रविवारी येतो. मटण मीच रांधणार. बाटली आणणार नाही. दारूबंदी समितीच्या अध्यक्षीणबाईंचा भाऊ आहे, एवढी अक्कल आहे. लहानूभाऊजींना दारू सोडून येत्या महिन्यात नऊ वर्षं होतात ना? त्यांना जयभीम.

तुझा,
गुलाब

९ फेब्रुवारी

चि. गुलाबले बाईचा जयभीम.

तुह्या मटणाचं नाव अजून गावात निघून राह्यलं. समितीच्या रीतानं दोनदा रस्सा मागून घेतला. तुले इतकं रांधता येते हे तुह्या बायकोले माहीत हाय काय? रिनाले सांगजो, उद्यापासून चूल तुह्याकडे. मसाला कोणता थे लिहून पाठव.

पण एक गोष्ट. तुह्या भाऊजीनं दुसरी वाटी अर्धी सोडली होती. मले वाटलं तिखट लागलं. त्या दिवसापासून ते धड बोलत नाई. रोज सांजच्याले नदीवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसतात, जिथी पहिले हातभट्टी होती. पेले नाई, पण जातात. तेवीस तारखेले नऊ वर्षाचा सत्कार ठेवला, तर म्हणतात माह्या खांद्यावर शाल टाकू नका. काऊन म्हटलं, तर म्हणतात गुलाबले विचार. म्हणून विचारून राह्यली. रश्श्यात काय होतं?

तुही,
बायनाबाई

चंद्रपूर, १३ फेब्रुवारी

ती. बाईस सप्रेम जयभीम.

मसाला रिनाचाच. बाकी अर्धी बाटली तांबडी वाईन. थर्मासात आणली होती, म्हणजे बाटली आणणार नाही हा शब्द मी पाळला. माझी अक्कल ही अशी. पुस्तकात लिहिलंय की उकळीत नशा उडते. चव राहते, हे पुढच्याच ओळीत आहे.

भाऊजींची तेव्हा आठवण झाली नाही, असं लिहिणार होतो. झाली होती. पहिल्या घासाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हाही कळलं. मी खाली मान घालून त्यांना आणखी रस्सा वाढला, कारण सगळे वाहवा करत होते. पंचशीलातलं पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, मी दर पौर्णिमेला मोठ्यानं म्हणतो. त्या दिवशी ते त्यांच्याकडून मी मोडवलं, तेही त्यांना न विचारता.

रागाव, पण उत्तर दे.

गुलाब

१६ फेब्रुवारी

गुलाब, जयभीम.

तुहं पत्र त्यायले वाचून दाखवलं. ते म्हणतात, नशा नाई चढली, पण जिभेनं वळखलं. अन् वळखल्यावरही दुसरी वाटी मीच पुढं केली, थे गुलाबच्या माथी टाकू नको म्हणतात. एवढंच मागतात, का तुनं येऊन चारचौघीत सांगावं की त्यायनं दारू मागितली नव्हती. लहानू पुन्हा मोहाकडे दिसते, अशी कुजबूज गावात सुरू झाली.

समितीचा नियम तुले ठाऊक हाय. हद्दीत दारू आणन त्यानं सभेत उभं राहून कबूल कराचं, अन् विहाराचं अंगण झाडाचं. माह्या भावाचा विषय, म्हणून मी सभेले बसत नाई. घरी येऊ नको. राग गेला का मीच बोलावीन.

बायनाबाई

चंद्रपूर, २४ फेब्रुवारी

ती. बाईस सप्रेम जयभीम.

बायांकडून कळलं असेलच, तरी माझ्या हातानं लिहितो. कालच्या सत्काराच्या सभेत रीताबाईंनी मला उभं केलं. पन्नासेक बायांपुढे सांगितलं की थर्मास माझा, वाईन माझी, लहानूभाऊजींना माहीत नव्हतं आणि त्यांनी मागितली नव्हती. मागून एकीनं विचारलं, साहेबाच्या घरी चहा थर्मासात ठेवत नाई का. सगळ्या हसल्या. मीही हसायला गेलो, जमलं नाही.

मग रीताबाईंनी शाल उचलली आणि नऊ वर्षं धरू म्हणाल्या. भाऊजी उठले. म्हणाले, गुलाबनं सांगितलं थे खरं, पण मोजणारा मी हावो. त्या रविवारपासून आज एकवीस दिवस झाले, एकवीस दिवसाची शाल असन तर टाका. मग एका म्हातारीनं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. शाल घेऊन ते नदीकडे नाही, घराकडे वळले. मी वळणापर्यंत पाहत होतो.

वाईन सोडली असं लिहीत नाही. एक खोटं पुरे झालं. पण ती तुमच्या हद्दीत येणार नाही, कशाच्याही आतून.

सगळे गेल्यावर विहाराचं अंगण झाडलं. पानगळ सुरू आहे, एकदा झाडून भागलं नाही. मागे वळून पाहिलं तर झाडल्या जागी पुन्हा पानं, म्हणून परत पहिल्यापासून झाडलं. कचरा खड्ड्यात टाकला, खराटा भिंतीला टेकवला आणि परतीसाठी वडशाची बस धरली.

लोभ असावा असं मागत नाही, ते तुझ्या सवडीनं.

तुझा,
गुलाब