ताईकडे आलोय

एस्किना,
१९ जून १९९१

प्रिय ओतिलियाताई,

सप्रेम नमस्कार. या जूनच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही गेले चार दिवस एस्किनाच्या धक्क्याला बोट बांधून आहोत. नदीला पाणी बरं आहे. संत्री गोड निघाली आहेत. छप्पर गळत होतं, ते मीच डांबर लावून बंद केलं.

घर विकून आम्ही बोटीवर राहायला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हातारपणी ही कसली थेरं!" तेव्हापासून तुम्हा बहीण-भावाचं बोलणं बंद आहे. नाताळला लिसांद्रोच्या नावानं आलेलं पत्र मीच लिहिलं होतं. तो रुसला होता म्हणून नव्हे. सांगते.

गेल्या शुक्रवारी आम्ही एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होतो. सकाळी जागी झाले तर लिसांद्रो नाही आणि मागे बांधलेलं होडकंही नाही. धुकं एवढं, की बोटीचं नाक दिसेना. हाका मारून घसा बसला. शेवटी पातेलं आणि डाव घेऊन बडवत सुटले.

त्या आवाजावर एक बाई होडी वल्हवत आली. फेलिसा नाव, तिथलीच कोळीण.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. नवरा मासे धरायला गेलाय."

तिनं छपराखाली टांगलेल्या गळांकडे पाहिलं. "हातानं धरतो होय?"

मला रडूच फुटलं, ताई. जे तुम्हाला दोन वर्षं कळवलं नाही, ते पाच मिनिटांच्या ओळखीत तिला सांगून टाकलं. लिसांद्रो विसरतो. आधी दोराच्या गाठी विसरला, मग गावांची नावं. आता कधी कधी मलाच विचारतो, "बाई, तुम्ही कोण?"

फेलिसानं फक्त "अंगात काय होतं त्यांच्या?" एवढं विचारलं आणि कमरेचं शिंग फुंकलं. धुक्यातून इकडून तिकडून उत्तरं आली. दिसत एकही होडी नव्हती, पण सगळ्या निघाल्या होत्या. ती मात्र गेली नाही. "तुम्हाला एकटं कशी सोडू?" म्हणत माझ्याच चुलीवर तिनं कॉफी ठेवली.

दुपारी धुकं विरलं आणि निरोप आला, सापडले! खालच्या वळणावर सेव्हेरा नावाची सत्तरीची विधवा राहते, तिच्याकडे. आम्ही पोचलो तर हा चुलीपाशी, तिच्या नवऱ्याची जुनी विजार घालून माशाचा रस्सा ओरपत बसलेला. मला बघून म्हणाला, "बस ना. ताईकडे आलोय. ओतिलियाताईकडे."

सेव्हेराबाईनं मला बाहेर नेलं.

"दारात चिंब भिजून उभा होता. म्हणाला, 'ताई, अजून रागावली आहेस का?' आता मी काय म्हणायचं? म्हटलं, रागावलेय तर! पण आधी ओले बूट काढ, आत ये, खाऊन घे. मग बघू." आणि पुढे म्हणाली, "त्याच्या खऱ्या ताईला सांगा, तिच्या वतीनं मी बोलून बसले. चालेल ना तिला?"

मी "विचारते" म्हटलं. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या दिवशी फेलिसा आणि तिचा नवरा आमची बोट इथवर आणून गेले. मला सुकाणू आणि लिसांद्रो, दोन्ही एकदम सांभाळता येणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

चार दिवस मी गाढ झोपतेय, ताई. किती दिवसांनी! लपवायचं काही उरलं नाही.

सोमवारी आम्ही खाली, तुमच्या सांता फेकडे निघतोय. फेलिसाचा दीर सोबत येतोय. तुमच्या घरात जागा मागत नाही, बोट धक्क्याला बांधू. पण त्याला रोज तुमच्याकडे घेऊन येईन म्हणते.

माझं नाव जातं-येतं. तुमचं अजून त्याच्या तोंडात आहे. ते आहे तोवर पोचायचंय.

तुमची भावजय,
अमान्सिया