रोल चढवतानाचे फोटो

नाना,

आधी तक्रार ऐका. आज एका फोटोवाल्यानं माझा तीळ चोरला. हनुवटीच्या डावीकडचा, तुमच्याच घराण्याकडून आलेला, जन्मापासून इमानेइतबारे एका जागी बसलेला. पासपोर्टच्या अर्जासाठी फोटो काढून घेतला आणि हातात आली ती कुणीतरी गोरीपान, तुळतुळीत, सोज्वळ बाई. तीळ कुठाय, म्हणून विचारलं तर म्हणे, मॅडम, चेहरा क्लीन करून दिलाय, त्याचं वेगळं काही घेतलं नाही. ज्या तोंडाच्या जोरावर मी वर्तमानपत्रात दर आठवड्याला लोकांची सालटी काढते, ते कॉम्प्युटरवर चहा पिता पिता धुऊन काढलं त्यानं. सरकारनं याची गंभीर दखल घ्यावी. पण खरं सांगायचं तर नाशिकरोडच्या त्या दुकानात मी पासपोर्टसाठी गेलेच नव्हते. तुमच्या निगेटिव्ह स्कॅन करायला गेले होते. वेळ होता म्हणून फोटो काढला.

इथल्या फोटोक्लबला तुमचं प्रदर्शन भरवायचंय. मेल्यानंतर इतक्या वर्षांनी तुम्ही ज्येष्ठ छायाचित्रकार झालात. जिवंतपणी देवळाली कॅम्पात तुम्ही नुसते फोटोवाले होतात, पोस्टिंगवर निघालेल्या जवानाला टोपी सरळ कर म्हणून सांगणारे. क्लबाला ते जवान नकोत. त्यांना हवंय लडाख, जैसलमेर, स्पिती. म्हणजे ज्यासाठी तुम्ही दर वर्षी स्टुडिओला कुलूप लावून जायचात ते. आधी वरून डोकावून बघायचा तो डबा कॅमेरा होता, मग जपानी आला, मग एका रिटायर कर्नलाची हातभर लांबीची टेलिलेन्स. लाल फिल्टर लावून आभाळ काळंकुट्ट करायचं, फिल्म डेव्हलपरच्या रसायनात जास्त वेळ ठेवून चेहरे मुद्दाम खरबरीत करायचे, असले तुमचे प्रयोग. जैसलमेरच्या त्या म्हातारीची एकेक सुरकुती तुम्ही अशी टिपलीत की बघणारा गहिवरून जावा. परक्यांच्या सुरकुत्यांवर तुमचा फार जीव.

त्या सुरकुत्या कागदावर उतरायच्या त्या आईच्या स्वयंपाकघरात, कारण आपली डार्करूम तीच. खिडकीला कायमचा काळा कागद, ओट्याच्या एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला फोटो मोठे करायचा एनलार्जर. तुम्ही दार लावून घेतलंत की आई अर्धवट मळलेली कणीक मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसते. दार मध्येच उघडलं तर कागद काळे पडतात, म्हणून आपल्या घरात कुकरच्या शिट्यासुद्धा तुमच्या सवडीनं होतात. आतून हाक आली की तिनं जायचं, फिल्म आणि प्रिंट धुवायचे, दोरीवर चिमट्यानं टांगायचे. डेव्हलपरनं तिची नखं तपकिरी झाली होती. पाहुण्या बायका विचारायच्या, मेंदी उतरतेय का हो?

नवा रोल कॅमेऱ्यात घालताना त्याचं टोक उजेडात येतं आणि जळतं. ते जळकं पुढे सरकवायला दोन-तीनदा उगीचच बटण दाबावं लागतं. ही उगीचची बटणं तुम्ही आईवर दाबायचात. ती चहा घेऊन दारात आलेली असायची. कॅमेरा दिसला की पदर सारखा करायची, मान सरळ धरायची. आणि तुम्ही म्हणायचात, "नीट उभी राहू नको. हा फोटो नाहीये, रोल चढवतोय."

लडाखची बॅग भरताना एकदा तिनं धीर केला. म्हणाली, "जायच्या आधी माझा एक नीट काढा ना. साडी बदलून येते."

तुम्ही भिंगावर फुंकर मारत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुझा काय काढायचा? तू तर रोजच दिसतेस."

ती हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण तुमचे लोकरीचे मोजे बॅगेत घालायचे राहिले होते.

ती गेली तेव्हा तेराव्याला ठेवायला फोटो नव्हता. सगळ्या कॅम्पाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात. मी म्हटलं, त्या रोलांच्या टोकांतला एखादा बघू या. तुम्ही म्हणालात, जळकी फ्रेम कुणी भिंतीला लावतं का, लोक काय म्हणतील. मग दार लावून घेतलंत. सीमेवरचा नवरा आणि गावाकडची बायको कात्री-पेन्सिलीनं एका बाकावर बसवून देण्यात तुमचा हात कुणी धरत नसे. तुम्ही भाचीच्या लग्नातल्या ग्रुपमधून आईचं बोराएवढं डोकं कापलंत, मोठं केलंत आणि एका हवालदाराच्या बायकोच्या धडावर बसवलंत. मानेचा सांधा कुठे दिसेल तर शपथ. तेराव्याला सगळे म्हणाले, अगदी जिवंत वाटतात. मावशी एकटी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "घड्याळ कधी घेतलं हिनं?"

तुम्ही म्हणालात, "शोभतंय की."

तेव्हापासून, तुम्ही गेल्यानंतरही, मी त्या हवालदारणीच्या मनगटाला उदबत्ती ओवाळत आले.

आज तो तीळचोर एकेक पट्टी पडद्यावर मोठी करून बघत होता. म्हणाला, "मॅडम, रोलची पहिली फ्रेम जळालीये, अर्धीच बाई दिसते. उडवून टाकू ना?" मी त्याचा हात धरला. लडाखच्या आधी आई. जैसलमेरच्या आधी आई. स्पितीच्या आधी, केस पिकलेली आई. निम्मा चेहरा उजेडानं खाल्लेला आणि उरलेल्या निम्म्यात ती, हातात कप, नखं तपकिरी. मी त्याला प्रत्येक फ्रेममधला तिचा डोळा पडद्यावर मोठा करायला लावला. पापणीचा केस न् केस सुटा दिसत होता.

रोल चढवताना फोकस करत नाहीत, नाना. कॅमेरा टेबलावर ठेवून बटण दाबलं तरी भागतं. तुम्ही तो डोळ्याला लावलात, भिंग फिरवलंत, तिच्या डोळ्यावर आणून थांबवलंत. दर वेळी. आता इथे मी विरघळावं अशी रीत आहे. नाही विरघळत. ती तुम्हाला दिसतच नसती तर मी सोडून दिलं असतं. आंधळ्याशी कोण भांडतं? तुम्हाला ती दिसत होती, लख्ख, आणि तुम्ही एकही छापला नाहीत. त्या फिल्म तिनंच धुतल्या, तिनंच टांगल्या. निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं झालेला स्वतःचा अर्धा चेहरा दर वेळी पाहिला असणार तिनं. आणि मग म्हातारीच्या सुरकुत्या धुवायला घेतल्या.

लडाख क्लबाला दिलं. म्हातारीही दिली. घड्याळवाली बाई आज भिंतीवरून उतरवली आणि तिथे अर्धी जळालेली आई लावली, मोठी करून.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता मीच रामकुंडात सोडून आले. पण एक देणं राहिलं होतं, ते फेडलं. फोटोच्या मागे, जिथे काढणाऱ्याचं नाव असतं, तिथे तुमचं लिहिलंय, बारीक अक्षरात. ती बाजू भिंतीकडे आहे. कुणाला दिसणार नाही.