नखाएवढी मोकळी जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वीज कंपनीतून निवृत्त झालेली मीटर रीडर, अविवाहित, राहणार टेकडीवरच्या याच घरात वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याचे काय करायचे ते डॉक्टर उद्या उघडून बघणार आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. मजकूर माझा आहे. तो मला कोणी सांगितलेला नाही, आणि खरे तर कोणी विचारलेलाही नाही. यापूर्वी केलेले अर्ध्या पानाचे मृत्युपत्र रद्द समजावे. तेव्हा सगळे सोपे होते.

वकिलांनी समजावून सांगितले की मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, त्याआधी त्याला किंमत नाही. म्हणजे मी बोलायची थांबले की हा कागद बोलू लागणार. या घरात माझ्यापेक्षा कागदाचे जास्त ऐकतील असा माझा अंदाज आहे.

१. घर. हे घर मी आणि माझ्या भावाने मिळून बांधले. त्याचा अर्धा हिस्सा त्याच्यामागे त्याच्या दोन मुलांना, म्हणजे माझ्या भाच्याला आणि भाचीला, गेलाच आहे. माझ्या हिश्श्यातला वरचा मजला माझ्या भाच्याला द्यावा. छत गळायच्या आधी दुरुस्त करणारा या घराण्यातला तो पहिला माणूस आहे. मागची शेड भाचीला द्यावी. खालच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या भाडेकरू बाईंना त्या स्वतःहून म्हणेपर्यंत कोणी जा म्हणू नये. दुपारी मुले पाढे ओरडतात ते सोसावे. माझी झोप त्याच आवाजात लागते.

२. बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. यावर भांडण होणार नाही हे मला माहीत आहे. त्यांची भांडणे वेगळ्याच गोष्टींवर होतात.

३. किरकोळ वस्तू. अंधाऱ्या जिन्यांखाली मीटर वाचायचा माझा टॉर्च भाच्याला. रेनकोट ज्याला बसेल त्याला. कुत्र्यांसाठी ठेवलेली काठी कोणालाच देऊ नये. ती मी कधी वापरली नाही, नुसती दाखवली. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी नेलेली आमची शिडी त्यांनाच देऊन टाकावी. मात्र देताना चार लोकांसमोर 'आत्यांनी दिली' असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे इतकी वर्षे ती त्यांची नव्हती हे सगळ्यांना कळेल.

४. मोटरसायकल. हे मृत्युपत्र नव्याने लिहायला घेतले ते हिच्यासाठी.

गाडी भावाने घेतली आणि चालवली मी. टेकडीवरची सगळी घरे, वरच्या वस्तीतली धरून, मी हिच्यावर बसून पालथी घातली. बाई मोटरसायकलवरून मीटर वाचायला येते म्हणून लोक आधी दारात उभे राहत, मग बिल बघून आत जात. भाची लहान असताना मी तिला टाकीवर पुढे बसवून फिरवायची. तेव्हापासून गाडी तिच्या डोक्यात आहे.

एकदा भावाने उतारावर उभ्या असलेल्या हातगाडीला धडक दिली. त्याला खरचटले तेवढेच, पण गाडीची मान वाकली. मान म्हणजे सांगाड्याचा तो भाग, ज्यात हँडल बसते आणि ज्यावर पुढचे चाक अवलंबून असते. भावाचा एक दोस्त वेल्डर होता. त्याने मान सरळ करून सांधली. सांधा पुसून झाल्यावर त्याने आम्हा दोघांना वाकून बघायला लावले आणि म्हणाला, "इथे कधी रंग लावू नका. अधूनमधून बोटाने पुसून बघत जा. केसाएवढी रेघ दिसली की गाडी तिथेच सोडायची आणि पायी घरी यायचं."

पुढे वेल्डर गेला, भाऊही गेला. दोघेही अंथरुणात गेले, गाडीवर नाही.

मी गाडी घरीच रंगवायची. फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग, एक ब्रश आणि जुनी चादर. रंग ओघळायचा. टाकीवर एक माशी चिकटून त्यातच वाळली होती, ती शेवटपर्यंत होती. भाचा म्हणायचा, आत्याची गाडी फाटकासमोर उभी केली की दिसतच नाही, चोर येतो आणि परत जातो. पण दर वेळी मी मानेवरच्या सांध्यापाशी नखाएवढी जागा मोकळी ठेवायची. तिथे रंग नाही, नुसते तेलाचे बोट. घरात त्याला 'आत्याचं राहून गेलेलं' म्हणत. मी कारण सांगितले होते, दोन्ही मुलांना. मुले हसत हसत ऐकतात तेव्हा किती ऐकतात ते कळत नाही.

गाडी घरी रंगवावी की रंगाऱ्याकडे द्यावी यावर आमच्याकडे जितके वाद झाले तितके कोणाच्या लग्नावर झाले नाहीत. भाच्याचे म्हणणे, रंगाऱ्याकडे बंद खोली असते, फवारा असतो, धूळ बसत नाही. घरी ब्रशने रंगवणे म्हणजे गाडीला मलम चोपडणे. माझे म्हणणे, घरी पॉलिश पेपरने घासताना हात प्रत्येक इंचावरून जातो. जिथे वाकूनही दिसत नाही तिथे बोट पोचते. त्याचे चूक नव्हते. माझेही नव्हते.

पहिल्या झटक्याने मला दवाखान्यात नेले, त्याच्या थोडे आधीची गोष्ट. मी ती नखाएवढी जागा पुसत होते आणि तिथे एक रेघ दिसली. वाटले, केस असेल. पुसले. पुन्हा पुसले. रेघ तिथेच होती. डोळा बदलून पाहिले तर दिसेना, पुन्हा बदलले तर दिसली. उद्या उजेडात बघू म्हणून उठले आणि शेडच्या दारातच छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना मी भाच्याला एवढेच म्हटले, "मोटरसायकलला हात लावू देऊ नकोस कुणाला." त्याला वाटले आत्या हळवी झाली.

मी घरी परतले तेव्हा त्याने माझ्या डोळ्यांवर हात ठेवून मला शेडपर्यंत नेले. गाडी रंगाऱ्याकडून रंगवून आणली होती. काळपट निळा रंग, इतका खोल की हात घातला तर मनगटापर्यंत बुडेल. टाकीत माझा चेहरा मला स्वच्छ दिसला, अलीकडे आरशातही इतका दिसत नाही. सायलेन्सर नवा बसवला होता, मऊ आवाजाचा, म्हणजे मला त्रास नको. मी आधी मानेकडे वाकले. तिथेही तोच रंग होता, गुळगुळीत, काचेसारखा. राहून गेलेले काहीच राहिले नव्हते.

मी रेघेचे सांगितले. मेकॅनिकला बोलावले, त्याने पान्याने ठोकून पाहिले, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडी लोण्यासारखी चालते. चष्मेवाला म्हणाला, मोतीबिंदूत अशा रेघा दिसतात. मी पॉलिश पेपर घेऊन स्वतः शेडमध्ये गेले, तर भाच्याने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"आत्या, तुला काम आवडलं नाही एवढंच सांग ना. रेघबिघ मध्ये कशाला आणतेस?"

त्यानंतर डॉक्टरांनी मला जिना उतरायला मनाई केली. म्हणून मी चावी काढून घेतली आणि ती माझ्या उशीखाली आहे. भाची पुढच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर डोंगरापलीकडे जायचे म्हणते आहे, याच गाडीवरून. मी म्हटले, आधी तेवढी जागा खरवड, मग कुठेही जा. ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तू गेलीस की खरवडते. म्हणजे कधीच नाही, कारण तू कुठली जातेस."

५. सबब, गाडी भाचीलाच द्यावी, पण पुढील अटीवर. मानेवरचा रंग तिने स्वतःच्या हाताने, घरीच, पॉलिश पेपरने, पत्रा उघडा पडेपर्यंत काढावा. रंगाऱ्याकडून नाही, यंत्राने नाही. त्या वेळी तिचा भाऊ शेजारी उभा असावा आणि उजेड दिवसाचा असावा. सांधा दोघांनी चार डोळ्यांनी बघावा. तो अखंड निघाला तर मी हट्टी म्हातारी होते असे खुशाल म्हणावे, आणि खरवडलेल्या जागेवर पुन्हा निळा रंग लावायचा खर्च माझ्या पैशातून करावा. रेघ निघाली तर गाडी मोडीत द्यावी. टाकी ठेवून घ्यावी. टाकी सुंदर झाली आहे, हे मी आजवर मान्य केले नव्हते. अट पुरी होईपर्यंत चावी भाडेकरू बाईंच्या ताब्यात राहील.

६. भाच्याला दोष देऊ नये. त्याने आजवर माझ्यासाठी केलेल्या गोष्टींत ही सगळ्यात प्रेमाची होती. पुढे काही वाईट घडले तर तो स्वतःला खाईल, म्हणून हे लेखी ठेवते: त्याने हे मला आनंद व्हावा म्हणून केले. मला आनंद झाला नाही हा माझ्या नशिबाचा भाग.

भाची आत्ताच उद्यासाठीची औषधे आणायला खाली बाजारात गेली आहे. बसने अर्धा दिवस मोडतो. मी हे कलम लिहीत असताना खाली कोणाची तरी गाडी सुरू होऊन गेली. हलका, पैसेवाल्या गाडीसारखा आवाज. शिकवणीच्या मुलाला सोडायला आले असतील.

७. साक्षीदार. पहिल्या साक्षीदार भाडेकरू बाई. दुसरा साक्षीदार म्हणून गाडी रंगवणाऱ्या रंगाऱ्यांना मी मुद्दाम बोलावले आहे. त्यांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, पण कलम चार त्यांनी कानाने ऐकावे अशी इच्छा आहे. जिन्यात त्यांची पावले वाजत आहेत. वरचा मजकूर त्यांना वाचून दाखवून मगच सह्या घेते.

८. हे कलम वाचून झाल्यानंतर लिहीत आहे. अक्षर माझेच आहे.

रंगारी मान खाली घालून ऐकत होते. कलम चार संपल्यावरही त्यांनी मान वर केली नाही. भाडेकरू बाईंनी सही केली, पेन रंगाऱ्यांपुढे केले. त्यांनी झाकण काढले आणि तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "रेघ होती, ताई."

मी कागद मांडीवर ठेवला.

"तुमचे थर काढले तेव्हा सगळीकडेच तडे होते, इतका जाड रंग. त्यातच ती एक. मला वाटलं, ही पण रंगाचीच. जागा तेवढी उघडी दिसली म्हणून उलट जास्त पुट्टी भरली. म्हटलं, बाईंचं राहून गेलंय, आपण नीट करून देऊ."

मी म्हटले, झाले ते झाले, चावी माझ्याकडे आहे, उद्या परवा मुलांना हेच तुमच्या तोंडाने सांगा. उशीखाली हात घालून चावी त्यांना दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी रंगवायला आली तेव्हा दुसरी चावी तिच्याबरोबर आली होती. काम झाल्यावर ती त्यांनी भाचीच्या हातात दिली होती.

"ताई, मी चढ चढून येत होतो ना, तेव्हा वळणावर तीच भेटली मला. तुमच्या गाडीवर. हात केला तिने. मीही थांबून बघत राहिलो, उन्हात काय दिसत होती गाडी."

पुढचे ते उठता उठता बोलले, ते मला ऐकू आले नाही. त्यांची स्कूटर सुरू झाली आणि उताराला लागली. तो आवाज मी वळणापर्यंत ऐकला.

भाडेकरू बाई भाचीला फोन लावत आहेत. वाजतो आहे, ती उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे तिला मीच शिकवले आहे. भाच्याला कळवले आहे, तो ऑफिसातून निघाला. खिडकीतून रस्त्याचे पहिले वळण दिसते, त्यापुढचा उतार दिसत नाही. खाली मुलांचे पाढे थांबले आहेत.

यापुढचे कलम वकिलांनी मान्य केले नाही तरी चालेल. भाची आणि रंगारी दोघे पायी चालत या फाटकातून आत आले, तर हा सगळा कागद माझ्या हाताने फाडण्यात येईल, आणि गाडी जिथे सोडली असेल तिथेच गंजू द्यावी. घर, पैसे, शिडी, ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. मी उद्या दवाखान्यात काही न लिहिता जाईन.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना, खिडकीपाशी बसून लिहिला.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

लिहून ठेवणार: सही केली आहे.

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई. सही केली आहे. फोन अजून कानाला आहे.

साक्षीदार दुसरे: रंगारी. पेन झाकण न लावता ठेवून गेले आहेत. ही जागा मोकळी आहे. त्यांच्याशिवाय ती कोणीही भरू नये.